ग्रेहाउंडला फरशीची ओळख करून द्यावी लागते

शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड नाशिकच्या इंदिरानगरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये आला, की त्याचं पहिलं भांडण होतं ते चकचकीत फरशीशी. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास धावणारं हे जनावर हॉलच्या मधोमध पाय ताणून थिजून उभं राहतं आणि घरचे म्हणतात, "भित्रं दिसतंय." तसं नसतं. शर्यतीचे ग्रेहाउंड वाढतात केनेलमध्ये, म्हणजे अनेक कुत्रे एकत्र ठेवतात त्या जागी. जिना, आरसा, काचेचं दार, मिक्सरचा आवाज यांतलं बहुतेकांनी काहीच अनुभवलेलं नसतं. फरशीवर जुन्या सतरंज्यांची वाट करून द्यावी, दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून अंथरुणापर्यंत. जिन्यावर ओढाताण करू नये.

केनेलमध्ये आजूबाजूला सतत भाऊबंद असतात, त्यामुळे एकटं राहणं हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट. दोन मिनिटं दाराबाहेर जायचं, गाजावाजा न करता परत यायचं. वेळ हळूहळू वाढवायची. पहिल्याच सोमवारी सगळे जण ऑफिसला निघून गेले, तर सोफ्याचं काय होईल ते सांगायला नको.

हा कुत्रा वेगाचा आहे, दमाचा नाही. त्याच्या शर्यती साधारण अर्ध्या मिनिटात संपतात. बाकी दिवस तो चक्क लोळतो. मात्र काही ग्रेहाउंड डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपतात आणि अचानक हात लागला तर दचकून गुरगुरतात. लांबून नाव घेऊन उठवावं. घरात लहान मुलं असतील, तर हा नियम आधी त्यांना शिकवावा.

ग्रेहाउंड शिकार हुंगून कमी, बघून जास्त करतो. त्याच्या नेत्रपटलावर चेतापेशींचा एक दाट आडवा पट्टा असतो, त्यामुळे क्षितिजाच्या रेषेवरची हालचाल त्याला चटकन टिपता येते. आपल्याकडचे कारवानी आणि मुधोळ कुत्रेही याच जातकुळीचे, नजरेने शिकार करणारे. गोदापार्कवर खार दिसली आणि साखळी सुटलेली असली, तर तो सेकंदाला १८ मीटर या वेगाने निघून जाईल. तुमची हाक मागेच राहील. शिवाय त्याचं डोकं मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो. ओढ बसली की मर्यादेत आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्यावा.

अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, केस आखूड. निफाडचा पारा ५ अंशांकडे उतरतो त्या दिवसांत स्वेटर म्हणजे लाड नव्हे. मे महिन्यात फिरणं उन्हं चढायच्या आत.

पशुवैद्याला जात आवर्जून सांगा. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त, प्लेटलेट आणि थायरॉइडचं संप्रेरक कमी असतं, आणि हे त्याच्यासाठी नॉर्मल आहे. थायोपेंटालसारखी भुलीची औषधं त्याच्या यकृतात फार सावकाश विघटित होतात. भरपूर स्नायूंमुळे क्रिएटिनिनही (मूत्रपिंडं बिघडली की रक्तात वाढणारा घटक) इतर कुत्र्यांपेक्षा जास्त भरतं, म्हणून कुत्रा ठणठणीत असतानाच रक्ताचा एक रिपोर्ट काढून ठेवावा.

नाशकात तो रिपोर्ट उपयोगी पडायची शक्यता जरा जास्तच. द्राक्षं आणि बेदाणे कुठल्याही कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. संशय टार्टारिक आम्लावर आहे. किती खाल्ल्यावर बाधा होईल याचा भरवसा नसतो. हंगामात घरोघरी पेट्या येतात आणि ग्रेहाउंडचं तोंड ओट्यापर्यंत आरामात पोचतं. खाल्ल्याचं कळताच, उलटीची वाट न बघता दवाखाना गाठावा आणि तो जुना रिपोर्ट सोबत न्यावा. वाढलेलं क्रिएटिनिन जातीचं की द्राक्षांचं, हे डॉक्टरांना त्यावरूनच ताडता येईल.