दोन ‘स्टेशनरी’, मूळ एकच

इंग्रजीत ‘स्टेशनरी’ असे दोन शब्द आहेत. उच्चार एकच, फरक एका अक्षराचा: शेवटच्या ‘आर’आधी एकात ‘ए’ येतो, दुसऱ्यात ‘ई’. ‘ए’वाला म्हणजे स्थिर, जसे भौतिकशास्त्रातले स्थिर तरंग. ‘ई’वाला म्हणजे वह्या, पेनं, पाकिटं. एन्व्हलपचा ‘ई’ तो स्टेशनरीचा ‘ई’, अशी खूण सांगतात. पण या शब्दांचा इतिहास एकदा कळला की खूण लागतच नाही.

दोन्ही लॅटिनमधले. ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं, त्यावरून ‘स्तातिओ’ म्हणजे ठाणं आणि ‘स्तातिओनारिउस’ म्हणजे ठाण्यावरचा. आपला ‘स्था’ धातूही याच कुळातला, म्हणून ‘स्थानक’ आणि ‘स्टेशन’ हे लांबचे भाऊबंद. ‘ए’वाला शब्द फ्रेंच ‘स्तासिओनेर’च्या सोबतीनं, अर्थ फारसा न बदलता इंग्रजीत आला.

‘ई’वाल्याची वाट बाजारातून गेली. मध्ययुगात फेरीवाले गावोगाव फिरत. एका जागी दुकान मांडून बसणारा तो ‘स्तातिओनारिउस’. पॅरिस, बोलोन्यासारख्या विद्यापीठांच्या गावी हे दुकानदार मुख्यतः पुस्तकांचे असत. छपाई अजून यायची होती. दुकानदार विद्यापीठानं तपासलेली प्रत सुट्या भागांत ठेवी. विद्यार्थी एक भाग भाड्यानं नेई, उतरवून काढी, परत करून पुढचा नेई. त्यामुळे एकाच ग्रंथाची नक्कल एकाच वेळी अनेकांना करता येई. मला तर ही व्यवस्था फारच हुशारीची वाटते.

लंडनमध्ये अशा ‘स्टेशनर’ लोकांचा संघ 1403 मध्ये झाला: नकलनवीस, बांधणी करणारे, पुस्तकविक्रेते, सगळे त्यात. 1557 मध्ये त्याला राजसनद मिळाली आणि इंग्लंडमधल्या छपाईवर त्याचा ताबा आला. पुढे पुस्तकांचा धंदा वेगळा झाला, स्टेशनरकडे कागद, शाई, लेखण्या राहिल्या.

‘बेकर’ची बेकरी, तशी ‘स्टेशनर’ची स्टेशनरी. तो ‘ई’ दुकानदाराच्या नावातला आहे. ‘ए’ थेट लॅटिन शब्दातून आलेला.

फ्रेंच मुलांना हा घोळ माहीतच नाही. त्यांच्याकडे ‘स्तासिओनेर’ म्हणजे फक्त स्थिर; वह्यापेनं घ्यायला ते ‘पापेत्री’त जातात, म्हणजे कागदाच्या दुकानात.