एका मिक्समध्ये गाणी वीस, परवानग्या चाळीस

डीजे गाणी एकात एक मिसळून सलग वाजवतो, तो मिक्स. तासाभराच्या मिक्समध्ये सहज वीस गाणी बसतात. प्रत्येक गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकाराचा किंवा त्यांच्या प्रकाशकाचा, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीचा. मिक्स रीतसर नेटवर टाकायचा म्हटलं तर किमान चाळीस परवानग्या लागतात. हे दोन हक्क एकाच वेळी जन्मले नाहीत, आणि गुंता तिथूनच सुरू झाला.

१८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत संगीतकार अर्नेस्त बुर्जे यांच्या रचना वाजत होत्या. कॅफे आपल्याला त्याचे पैसे देत नाही, मग आपण पेयाचे का द्यायचे, असं म्हणून त्यांनी बिल नाकारलं. प्रकरण कोर्टात गेलं, बुर्जे जिंकले आणि १८५१ मध्ये रॉयल्टी गोळा करणारी ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली. आज क्लब गाणी वाजवण्यासाठी जी वार्षिक फी भरतात, तिचं मूळ या बिलात आहे.

पुढे यंत्रं आली. भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर पियानो आपोआप वाजू लागला. माणसाला वाचता येत नाही ती गुंडाळी म्हणजे रचनेची प्रतच नव्हे, असा निकाल १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि प्रत्येक प्रतीमागे २ सेंट ठरले. ‘मेकॅनिकल रॉयल्टी’ हा शब्द तेव्हाचा. ध्वनिमुद्रणाला स्वतःचं संरक्षण मात्र अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने थेट १५ फेब्रुवारी १९७२ पासून दिलं.

साधारण त्याच सुमारास डीजे एका गाण्यात दुसरं मिसळू लागले होते. १९७६ मध्ये ‘टेन पर्सेंट’ची बारा इंची तबकडी दुकानात आली. वॉल्टर गिबन्स या डीजेने ते गाणं ताणून नऊ मिनिटांच्या वर नेलं होतं. डीजेच्या कसबाला बाजारात किंमत आली, पण कायद्यात त्याला जागा नव्हती.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. क्लबकडे परवाना आहे, म्हणून तिथला सेट, म्हणजे डीजेने वाजवलेला कार्यक्रम, रेकॉर्ड करून नेटवर टाकायला हरकत नाही, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. तसं नाही. क्लबचा परवाना तिथे वाजवण्यापुरता. रेकॉर्ड केलं की प्रत तयार होते, तिचा हक्क वेगळा. कॅसेटच्या काळात कंपन्या अनेकदा काणाडोळा करत, कारण मिक्सटेपमधून फुकट जाहिरात व्हायची. तरीही जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटात मिक्सटेप काढणाऱ्या डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर छापा पडला आणि हजारो सीडी जप्त झाल्या.

२००८ मध्ये सुरू झालेल्या मिक्सक्लाउड या मिक्स ऐकवणाऱ्या वेबसाइटने मिक्सला रेडिओच्या कार्यक्रमासारखं धरलं: ऐका, उतरवून घेऊ नका. इंटरनेट रेडिओसाठी अमेरिकेत १९९८ पासून नियम आहे की तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी नकोत. एखादा आवडता कलाकार गेला आणि त्याच्या आठवणीत फक्त त्याचीच गाणी लावावीत, तर ते या चौकटीत बसत नाही. मला हे फार खटकतं.

बाकी सगळं, म्हणजे पैसे कुणाला द्यायचे हे, गाणं ओळखण्यावर अडलं होतं. डीजे गाण्याचा वेग चार टक्के वाढवतो, एकाचा बेस काढून दुसऱ्याचा आवाज वर सोडतो, अर्धा मिनिट दोन्ही गाणी एकत्र चालतात. सुटं गाणं ओळखायला शिकवलेलं यंत्र तिथे चकतं. किंवा एकाच गाण्याच्या मालकाचा दावा अख्ख्या तासावर बसतो, बाकीचे कोरडे राहतात. २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने गाणी ओळखणाऱ्या शझाम ॲपचं तंत्र वापरून मिक्समधलं प्रत्येक गाणं ओळखायचं आणि मालकांना, डीजेलाही, वाटा द्यायचा, असं जाहीर केलं.

पण ओळखायला आधी नोंद लागते. अप्रकाशित ट्रॅक, मित्राने खास वाजवायला दिलेली फाइल, बिननावाची तबकडी यांची जुळणी कशाशी करणार? डीजे जी गाणी शोधून शोधून आणतो ती अनेकदा हीच असतात, आणि त्यांचा वाटा ती करणाऱ्यापर्यंत पोचत नाही.