निष्क्रिय सुरक्षा (अणुभट्टी)

अणुभट्टीत बिघाड झाल्यास पंप, डिझेल जनित्र किंवा माणसाचा हात यांवाचून, केवळ गुरुत्वाकर्षण, तापलेल्या पाण्याचे वर चढणे आणि साठवलेला दाब यांवर चालणारी संरक्षणव्यवस्था. ‘निष्क्रिय’ हा शब्द जरा फसवा आहे. ही व्यवस्था काम करतेच, फक्त विजेची वाट पाहत नाही.

परळीच्या औष्णिक केंद्रात कोळसा थांबवला की भट्टी निवत जाते. अणुभट्टीचे तसे नाही. विखंडनाची, म्हणजे अणू फुटत जाण्याची, साखळी तोडल्यावरही इंधनात साचलेल्या किरणोत्सारी द्रव्यांतून, प्रारंभी पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के उष्णता निघत राहते. दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते, पण संपत नाही. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमातील चालू भट्ट्या भूकंपाच्या धक्क्यासरशी बंद झाल्या होत्या. घात केला तो जनित्रांत शिरलेल्या त्सुनामीच्या पाण्याने. तिथल्या पहिल्या भट्टीला पंपाविना चालणारे संघनक, म्हणजे वाफ निववून पाणी करणारे यंत्र, होते, पण त्याच्या झडपा विजेवरच्या. वीज गेल्यावर तेही जवळपास निकामी ठरले.

लातूर-नांदेडकडच्या गच्चीवरचे सोलर याच तत्त्वावर चालते. नळ्यांतले पाणी तापून हलके होते, वरच्या टाकीत चढते, थंड पाणी खाली उतरते. लाईट गेली तरी फेरा चालूच. मात्र हा जोर फार थोडा असतो. बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळीत बसले की फेरा मंदावतो. भट्टीतही नळीत अडकलेली हवा किंवा वायू असाच अडथळा करू शकतो, म्हणून प्रत्यक्ष चाचण्यांना पर्याय नाही.

गुजरातेतील काक्रापारच्या ७०० मेगावॉट भट्ट्यांत बाष्पजनित्रातील वाफ उंचावरच्या टाकीत निवते आणि पाणी होऊन आपल्या भाराने परत येते. कुडनकुलममध्ये हेच काम बाहेरच्या हवेवर होते. शिवाय वितळलेला इंधनाचा गाभा झेलण्यासाठी तळाशी पात्र आहे. अमेरिकी एपी-१००० भट्टी ७२ तास माणसाच्या हस्तक्षेपाविना थंड राहील अशी रचलेली आहे.

उंचावरची टाकी हा अशा रचनेचा आधार, पण भूकंपात तोच डोईजड भार. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी हादरली, ती स्थिर समजल्या जाणाऱ्या पठारावर. २००२ साली भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकातून सर्वांत कमी धोक्याचा पहिला भूकंपविभागच वगळण्यात आला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला.