हाडाची पेशी धातूला शिवतच नाही

ऑपरेशननंतर काही बिघडलं की ‘शरीरानं रॉड स्वीकारला नाही’ हे वाक्य हमखास कानावर येतं. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीर नाकारतं, ते त्याच्या पेशींवरच्या परक्या प्रथिनांमुळे. धातूवर अशी प्रथिनं नसतातच. निकेलसारख्या धातूची अ‍ॅलर्जी असणारे थोडे लोक वगळले, तर इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवलेला धातूचा भाग, ढिलं होण्यामागे बहुधा जंतुसंसर्ग, झीज किंवा भाराचं चुकलेलं गणित असतं.

मुळात हाडाच्या पेशीचा आणि धातूचा थेट संबंध येतच नाही. इम्प्लांटसाठी वापरलं जाणारं टायटॅनियम हवेत उघडं पडलं की क्षणार्धात त्यावर ऑक्साइडचा, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. ओरखडा गेला तरी तो लगेच भरून येतो. असं इम्प्लांट हाडात बसवलं की रक्तातली प्रथिनं काही सेकंदांतच या थरावर चिकटतात. रक्तात मुबलक असलेलं अल्ब्युमिन पहिली जागा पटकावतं. मग फायब्रोनेक्टिनसारखी जास्त घट्ट चिकटणारी प्रथिनं त्याला हळूहळू बाजूला सारतात. हाड घडवणारी पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, तिथे पोहोचते तोवर सगळा पृष्ठभाग प्रथिनांनी झाकलेला असतो.

फायब्रोनेक्टिनच्या लांबलचक साखळीत आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लं ओळीनं येतात. पेशीच्या पटलातून आरपार गेलेली इंटिग्रिन नावाची प्रथिनं नेमकी हीच तीन आम्लं धरतात. चिकटताना फायब्रोनेक्टिन असं दुमडलं की ही जागा आत दडली, तर पेशीला पकड मिळत नाही. कसं दुमडायचं हे ठरवतो खालचा ऑक्साइड: त्याचा विद्युतभार, त्याची पाण्याशी जवळीक, त्याचा खडबडीतपणा. मला या सगळ्या कथेत हा टप्पा सर्वांत विलक्षण वाटतो. धातू स्वतः पडद्याआड राहतो, पण वरच्या प्रथिनांना वळण तोच लावतो.

इंटिग्रिनचं आतलं टोक पेशीतल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना जोडलेलं असतं. पेशी हे तंतू ओढून पाहते. पकड टिकली तर ती पसरट होते, फोकल अ‍ॅडिशन कायनेज हे विकर जागं होतं, निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि रन्क्स२ हे प्रथिन हाड घडवणारी जनुकं चालू करतं. मग कोलॅजेन विणलं जातं आणि त्यात कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक बसतात. पकडच मिळाली नाही तर पेशी गोल राहते आणि अखेर मरते. एक ते दोन मायक्रॉन खडबडीत पृष्ठभागावर या पेशींची संख्या गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा कमी वाढते, पण त्या लवकर परिपक्व होतात. म्हणून दातांच्या इम्प्लांटवर वाळूचा मारा करून आम्लानं खाचा पाडतात.

स्वीडनमध्ये १९५२ साली संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळकांडी त्यांना प्रयोग संपल्यावर काढता येईनात, हाड त्यांना इतकं घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात अशी पहिली इम्प्लांट्स बसवली.

सध्या ‘सोनेरी गुडघ्या’च्या, म्हणजे सोनेरी थर दिलेल्या कृत्रिम गुडघ्याच्या, जाहिराती जोरात आहेत. त्या थरात सोन्याचा कणही नसतो. तो रंग टायटॅनियम नायट्राइड या कठीण संयुगाचा. झिजेशी त्याचा संबंध आहे, रंगाशी हाडाला काही देणंघेणं नाही.

पकड पक्की झाली तरी एक अडचण उरते, ती ताठपणाची. हाडाचा ताठपणा साधारण २० गिगापास्कल, नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूचा ११०, कोबाल्ट-क्रोमचा २००च्या वर. भार ताठ धातूच पेलतो, शेजारचं हाड रिकामं बसतं. हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशींना भोवतीच्या सूक्ष्म नलिकांमधल्या द्रवाच्या हालचालीवरून भार कळतो. तो कमी झाला की त्या स्क्लेरोस्टिन हे हाडाची घडण रोखणारं प्रथिन जास्त सोडतात, ऑस्टिओब्लास्ट थंडावतात आणि हाड विरळ होत जातं. म्हणून आता नायोबियम, झिर्कोनियम, टँटलम मिसळून ताठपणा ५५ ते ८० गिगापास्कलपर्यंत उतरवलेले टायटॅनियमचे मिश्रधातू तयार केले जातात. नेहमीच्या मिश्रधातूतलं, पेशींना अपायकारक ठरू शकणारं व्हॅनेडियमही त्यांत टाळलेलं असतं.