कसबा पेठ तिथेच का वसली? चढ, कातळ आणि मुठेची गोष्ट

पुण्यात कोथरूडचा माणूस असो की औंधचा, मंडईत किंवा लक्ष्मी रोडला निघाला की अजूनही "जरा गावात जाऊन येतो" असंच म्हणतो. हे जे 'गाव' आहे ना, त्यातलं सगळ्यात जुनं गाव म्हणजे कसबा पेठ. बाकीच्या पेठा नंतर आल्या, कुणी निजामशाहीत, बऱ्याचशा पेशवाईत, पण कसबा आधीपासून होता. मानाचा पहिला गणपती इथलाच, लाल महाल इथेच, शनिवारवाडा याच्या पश्चिमेच्या अंगाला. आकाराने बघाल तर एवढीशी, रमतगमत चाललात तरी अर्ध्या-पाऊण तासात आरपार.

इतिहास वगैरे सगळ्यांनी शाळेत वाचलेला असतो, म्हणून मी तो थोडक्यात आटपणारे. मला जास्त इंटरेस्ट या प्रश्नात आहे की गाव बरोब्बर इथेच का वसलं? मुठा खडकवासल्यापासून संगमापर्यंत एवढी लांब वाहते, काठाला सपाट जमीन भरपूर, मग हाच तुकडा का?

उत्तर बरंचसं पायाला कळतं. कसबा गणपतीकडून नदीच्या दिशेने, कुंभारवेशीकडे किंवा डेंगळे पुलाकडे चालत जा, रस्ता उतरत जातो. गाडीवर असाल तर कळणारच नाही, चालताना कळतं, आणि हातगाडी ढकलणाऱ्याला तर फारच कळतं. वायव्येला-उत्तरेला मुठा, पूर्वेला नागझरीचा ओढा जो पुढे मुठेलाच मिळतो, आणि या दोघींच्या बेचक्यात थोडासा उंचवटा. म्हणजे दोन बाजूंना आपोआप खंदक, पाणी हाताशी, पण दर पावसाळ्यात घरात नाही. जुन्या काळी गाव वसवायचं म्हटल्यावर अजून काय पाहिजे.

आता खालचा दगड. पुणं बसलंय बेसाल्टवर, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हाचे थरावर थर पसरले त्याच्यावर. हा लाव्हा ज्वालामुखीच्या डोंगराच्या तोंडातून उडाला असं डोळ्यासमोर आणू नका, तो बहुतेक जमिनीला पडलेल्या लांब भेगांमधून आला आणि पसरला, मग निवला, मग त्याच्यावर पुढचा. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काळेकुट्ट, छिन्नीला दाद न देणारे, तर काहींत गॅसचे बुडबुडे अडकून भोकं पडलेली आणि त्या भोकांत नंतर पाण्यातून झिओलाइटसारखी पांढरी खनिजं जमलेली (वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट जगभरचे खनिज गोळा करणारे लोक शोधत असतात, आपल्याला ते वाघोली म्हणजे फक्त ट्रॅफिक). दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा सापडतो, तो म्हणजे एक लाव्हा निवून त्याच्यावर हवा-पाण्याने माती तयार व्हायला लागली होती आणि तेवढ्यात पुढचा लाव्हा येऊन ती भाजून गेला.

याचा कसब्याशी संबंध असा की नदी घट्ट थरावर आली की तिला तळ खोल खणता येत नाही, मग ती पसरते आणि उथळ होते. मऊ थर किंवा भेगा मिळाल्या की तिथे डोह. पूल नसताना माणसं, बैल, गाड्या पलीकडे जायच्या त्या अशा उथळ जागेवरून, तिलाच उतार म्हणतात, आणि उताराच्या तोंडाशी बाजार आणि वस्ती होणं हे सगळीकडेच दिसतं. शिवाय कातळाच्या भेगांत आणि भोकाभोकांच्या थरात पाणी मुरून राहतं, त्यामुळे जुन्या वाड्यांमध्ये अंगणात आड असायचाच. वरची माती थोडी, मग मुरूम, मग कातळ, असा क्रम कसब्यात कुठेही पाया खणताना दिसतो.

पण कसब्यात मातीच्या आणि मुरमाच्या वर अजून एक गोष्ट असते ती दुसरीकडे कमी दिसते, पांढरी. जिथे शेकडो वर्षं माणसं राहतात तिथे मातीच्या भिंती पडतात, त्याच जागी नव्या उभ्या राहतात, चुलीची राख, शेण, चुना, हाडं, फुटकी खापरं सगळं तिथेच जिरतं, आणि जमीन हळूहळू वर येते. रंग फिका पडतो कारण राख आणि चुना, आणि अशा मातीत फॉस्फेटचं प्रमाण आजूबाजूच्या शेतापेक्षा जास्त निघतं. पुरातत्त्ववाले जुन्या वस्तीची जागा शोधताना हे फॉस्फेट मोजतात. म्हणजे मूळचा उंचवटा होताच, त्याच्यावर माणसांनी स्वतःच्याच कचऱ्याने अजून उंची चढवली.

किती जुनं? आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत पुण्याच्या नावाचा 'विषय' म्हणजे प्रांत येतो, आणि नदीपलीकडे जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर, जे याच बेसाल्टमध्ये वरून खाली कोरत नेलंय, तेही राष्ट्रकूट काळातलंच मानतात. पुढे इथे कोट झाला, जुना कोट म्हणतात तो, त्याच्या वेशींपैकी कुंभारवेस आणि केदारवेस ही नावं अजून पत्त्यात आहेत. मग १६३० च्या सुमाराला आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने गाव जाळून गाढवाचा नांगर फिरवला, नंतर शिवाजी महाराज लहान असताना जिजाऊ इथे आल्या, लाल महाल झाला, गणपतीचं देऊळ झालं, सोन्याच्या नांगराची गोष्ट सगळ्यांना माहितीये. १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला आणि मग पुणं दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे सुटलंच.

इतिहासापेक्षा मला कसब्यातल्या आळ्या जास्त भारी वाटतात, कारण तिथे कुठला धंदा कुठे बसला हे बऱ्याचदा पाणी ठरवतं. कुंभार नदीकडच्या उतरत्या बाजूला, कारण गाळ तिथे. आता हा गाळ बेसाल्ट झिजून आलेला, त्यात पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती भरपूर, म्हणजे ओली असताना लोण्यासारखी आणि वाळताना आकसून तडकणारी. म्हणून कुंभार त्यात राख आणि लीद कालवायचे. लिदीतले गवताचे धागे वाळताना माती धरून ठेवतात आणि भट्टीत जळून गेले की बारीक पोकळ्या सोडतात, त्याच पोकळ्यांतून माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. भट्ट्यांचा धूर दाट वस्तीत कोण सहन करणार, बरेच कुंभार पुढे मुंढव्याला केशवनगरकडे गेले. कागदीपुऱ्यातले कागदीही असेच पाण्यावर अवलंबून, जुनं गोणपाट कुटायचं, धुवायचं, परत कुटायचं, परत धुवायचं.

आणि तांबट आळी! इथे जरा थांबतो. बंब, घंगाळ, तपेली, हंडे. आळीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज येतो. तांब्याचा पत्रा घेतला, खोलगट केला, की त्याच्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने एकसारखे ठोके मारत जायचं, एका ठोक्याची कड पुढच्या ठोक्याखाली गेली पाहिजे, ओळ वाकडी झाली तर लगेच दिसते. याला मठारकाम म्हणतात. आपल्याला वाटतं नक्षी आहे, दिसायला छान, चमचम करतं. पण ठोक्याचं खरं काम आत चालू असतं. तांब्यात अणू थरांमध्ये नीट रचलेले असतात आणि त्या रचनेत जागोजागी खोट असते, एखादी ओळ अर्धवट संपलेली वगैरे. धातू वाकतो तो या खोटी सरकल्यामुळे. ठोके मारत गेलं की अशा खोटी हजारोंनी वाढतात, एकमेकींत अडकतात, सरकायला जागाच उरत नाही आणि पत्रा कडक होतो. म्हणून पातळ पत्र्याचा हंडासुद्धा डोक्यावरून आणताना चेमटत नाही.

पण भांडं अर्धं झालं असताना पत्रा असा कडक झाला तर पुढचा आकार देताना तडकणार. मग ते भट्टीत लालसर होईपर्यंत तापवतात, आतली रचना नव्याने बसते, पत्रा परत मऊ. आणि मग पाण्यात बुडवतात. इथे पोलादाच्या बरोबर उलट आहे बघा, कोयता लाल करून पाण्यात बुडवला की कडक होतो, तांबं मात्र मऊच राहतं, पाण्यात घालायचं ते पटकन हातात घेता यावं आणि वरची काळी पापुद्री सुटावी म्हणून. उरलेला काळेपणा चिंच काढते, तिच्या आम्लात तांब्याचं ऑक्साइड विरघळतं. ही सगळी मेटलर्जी या आळीतल्या माणसांच्या कानात असते, ठोक्याचा आवाज बदलला की पत्रा कडक झाला हे त्यांना बघावं लागत नाही. बंब तांब्याचाच का, तर तांबं उष्णता स्टेनलेस स्टीलच्या वीस-पंचवीस पट वेगाने पुढे नेतं, चार लाकडात पाणी कडकडीत.

बरं, नदी एवढी शेजारी, तरी पेशव्यांनी पाणी आणलं कुठून तर कात्रजहून! अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेबांच्या काळात तिथे तलाव बांधून जमिनीखालून दगडी नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला, वाटेत हौद आणि हवा जायला उच्छ्वास. लोकांना हे विचित्र वाटतं पण गणित सोपं आहे, नदी गावाच्या खाली आहे, तिचं पाणी वर चढवायला मोट, पखाल, माणसं लागणार, आणि कात्रज गावाच्या वर आहे, तिथलं पाणी नुसत्या उतारावर चालत येतं आणि वाड्यातली कारंजीसुद्धा उडवतं. वीज नको, पंप नको.

ज्या उंचवट्यामुळे हे गाव वाचत आलं त्याची परीक्षा १२ जुलै १९६१ ला झाली. बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण सकाळी फुटलं, ते पाणी खडकवासल्यावर येऊन आदळलं आणि दुपारी १८७९ मध्ये पुरं झालेली खडकवासल्याची दगडी भिंतही फुटली. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, सगळ्या पेठांचे नदीकडचे भाग पाण्यात. वाड्यांचं जोतं घडीव बेसाल्टचं, त्याला काही होत नाही. वरची भिंत मात्र विटा आणि मातीची, आणि आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा. माती भिजली की तिची ताकदच जाते, त्यात पाणी चढलेलं असताना दोन्ही बाजूंनी दाब असतो म्हणून भिंत उभी राहते आणि पाणी ओसरायला लागलं की बसते, म्हणून बरीच घरं पूर उतरताना पडतात. सांगाडा उभा आणि भिंती गायब, असं. खूप घरं उठून गोखलेनगर, सहकारनगरकडे गेली. आणि एवढ्या पाण्यानंतर शहराला प्यायला पाणी नाही, कारण नळाचं पाणी खडकवासल्यावरून यायचं, तेव्हा जुने आड परत उपसले गेले.

तो धरणफुटीचा पूर होता, नेहमीचा पूर वेगळा. कसब्यात पाणी शिरायला कसब्यात पाऊस पडायची गरजच नाही. पुण्यात वर्षाला ७००-७५० मिलिमीटर पडतो, तिकडे घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट, आणि तो टेमघर, वरसगाव, पानशेत भरून खडकवासल्यात येतो. तिथून जे सोडतात ते क्युसेकमध्ये सांगतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता, म्हणजे सेकंदाला साधारण दहा लाख लिटर. आपण भिडे पूल बुडाला का एवढंच विचारतो, पण कसब्याच्या बाजूला बघायची ती नागझरी. मुठेची पातळी चढली की नागझरीचं पाणी नदीत जाऊ शकत नाही, तोंडापाशी अडतं आणि मागे मागे फुगवटा येतो. त्याच वेळी शहरात जोराचा पाऊस असेल तर पूर नदीकडून न येता मागच्या ओढ्याकडून येतो.

आता निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा. निळी २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या. लोक याचा अर्थ असा घेतात की मोठा पूर एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निवांत. तसं काही नसतं हो. १०० वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी येण्याची शक्यता १ टक्का, यंदा आला तरी पुढच्या वर्षी परत १ टक्का. ३० वर्षांचं होम लोन घेतलं तर त्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी निदान एकदा यायची शक्यता २६ टक्के निघते, आणि निळ्या रेषेपर्यंत तर ७० टक्क्यांच्या वर. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम चालत नाही, निळ्या-लालच्या मध्ये जोतं लाल पातळीच्या वर ठेवायला लागतं.

सध्या कसब्याखालून मेट्रो धावते. बोगदे खणणाऱ्या मशिनांची नावं मुळा, मुठा आणि पवना ठेवली होती, आणि मार्ग न्यायालयाच्या स्टेशनपासून, जे जवळपास ३३ मीटर खोल आहे, मुठेच्या तळाखालून कसब्यात येतो आणि पुढे मंडई, स्वारगेट. माणसांनी शेकडो वर्षं जो कातळ फक्त आड खणताना पाहिला तो मशिनने आरपार कापला. वर मात्र वाडे पाडून इमारती चालू आहेत आणि पार्किंग बहुतेक तळमजल्यावर किंवा त्याच्याही खाली. उताराच्या बाजूला फ्लॅट बघत असाल तर बिल्डरकडे जोत्याची उंची आणि लाल रेषेची पातळी, दोन्ही मीटरमध्ये लिहून मागा, आणि तळघरातल्या पार्किंगचं वेगळं विचारा, कारण जोत्याची उंची तळघराला काही उपयोगाची नाही.