थांबलेल्या लेथवरची नक्षी : कातीव भांड्यांवरच्या पन्हळी आणि पीळ

ताक घुसळायच्या रवीचं बोंड नीट पाहिलं तर त्यावर दोन वेगळी कामं दिसतात. बोंडाचा गोलवा आणि दांड्यावरची कडी लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, फिरता फिरता होतात. बोंडाला पाकळ्या पाडणाऱ्या उभ्या खाचा मात्र लेथ थांबवून, करवतीने आणि पटाशीने घ्याव्या लागतात. लाकूड गरगर फिरत असताना हातातली पटाशी गोल कडीच काढणार. उभी पन्हळ किंवा तिरपा पीळ हवा असेल तर एकतर फिरणं थांबवायचं, नाहीतर लाकडाचं फिरणं आणि हत्याराचं सरकणं एकमेकांशी जखडून टाकायचं. वाडगे, फुलदाण्या, डबे यांवर ही नक्षी कशी आली हे शोधायला गेलं की पुन्हा पुन्हा याच दोन वाटा लागतात.

आपल्याकडे ही दोन कामं दोन माणसांची होती. कातायचं ते कातारी, कोरायचं ते सुतार. कातारी जमिनीवर बसायचा, मदतनीस दोरी ओढायचा आणि लाकूड पुढे-मागे फिरायचं. त्याची नक्षी लाखेची. सावंतवाडीच्या खेळण्यांवर, पाळण्याच्या गजांवर दिसतात ते रंगीत पट्टे म्हणजे फिरत्या लाकडावर दाबून धरलेली लाखेची कांडी; घर्षणाने लाख वितळते आणि चिकटते. ज्याची सजावट अशी होते तो कारीगर पन्हळी पाडायला जाणारच नाही, कारण खाचांवरून कांडी उसळते आणि रंग फक्त कडांना लागतो. भारतीय कातकाम रंगाने श्रीमंत आणि कोरीवकामाने साधं राहिलं, त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकंच हे तांत्रिक कारण असावं, असं मला वाटतं.

कोरण्याची हौस पुण्यात भागली ती वाड्यांच्या खांबांवर. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा १८०७ च्या सुमाराचा. त्याच्या दर्शनी सज्जाचं सागवानी काम रस्त्यावरून जाता जाताही दिसतं. पेशवाईतल्या सुरूच्या झाडाच्या आकाराच्या खांबांवर तळाशी पानं-पाकळ्या, वर निमुळते होत जाणारे उभे पैलू. हे सगळं पटाशी-हातोडीचं, म्हणजे सुतारांचं काम. लेथचा त्यात हात नाही.

युरोपात गोष्ट वेगळी वळली, यंत्र याच जातीचं असूनही. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यातल्या, सुमारे इ.स.पू. ३०० च्या शिल्पात दोन माणसं लेथ चालवताना दिसतात. म्हणजे यंत्र जुनंच आणि आपल्या दोरीच्या लेथचं सख्खं भावंड. पन्हळीचा नमुना आला ग्रीक दगडी खांबांकडून. तिथल्या खांबांच्या दोन शैलींपैकी डोरिक खांबाला साधारण २० पन्हळी, आयोनिकला २४. पिळाला मोठी प्रतिष्ठा मिळाली सतराव्या शतकात, रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये शिल्पकार बेर्निनीने कांस्याचे प्रचंड पिळदार खांब उभे केले तेव्हा. मग पीळ खुर्च्यांच्या पायांत उतरला. १६६२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न केलं. मुंबई आंदण गेली ती याच लग्नात, आणि पिळाच्या पायांचं फर्निचर इंग्लंडात फोफावलं तेही याच सुमारास. त्याच शतकात आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावर युरोपीय गिऱ्हाइकांसाठी आबनूसच्या पिळदार खुर्च्या बनत होत्या. पुढे अठराव्या शतकात होरेस वॉलपोलसारख्या जाणकार संग्राहकाने अशाच खुर्च्या अस्सल जुन्या इंग्रजी, ट्यूडर राजांच्या (सोळाव्या शतकाच्या) काळच्या म्हणून घरात मांडल्या!

हे पीळ बरेचसे हातानेच कोरलेले. गोल दांड्याच्या परिघाचे चार भाग करायचे, लांबीवर आडव्या रेघा मारायच्या, चौकटींचे कोपरे तिरपे जोडत जायचं. मग करवतीने खोली बांधून घ्यायची, गोल पटाशीने आणि कानशीने घळ मोकळी करायची. दांडा सरळ असेल तर हिशेब सोपा. भांड्याला पोट आणि मान असते, तिथे तो बिघडतो. समजा मानेचा व्यास ५ सेंमी आणि पोटाचा १५. आडव्या रेघा सारख्या अंतरावर मारल्या तर पीळ मानेशी उभा राहतो आणि पोटावर आडवा पडतो. तिरकेपणा एकसारखा हवा असेल तर पोटाजवळच्या रेघा तिप्पट अंतरावर घ्याव्या लागतात. पिळाची फुलदाणी बेढब दिसत असेल तर दोष बहुतेक वेळा इथेच असतो.

दुसरी वाट, म्हणजे दोन हालचाली जखडण्याची, श्रीमंतांच्या छंदातून रुंद झाली. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच साधूचा कातकामावरचा सचित्र ग्रंथ १७०१ मध्ये लिआँहून निघाला. हा गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ; पुण्यातल्या देवळांच्या आवारात फुलणाऱ्या खुरचाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया, ते याच्याच नावावरून. रशियाचा पीटर द ग्रेटही लेथवर रमणारा. पुढे स्ट्रासबुर्गहून लंडनला आलेल्या होल्टझाफेल यांच्या कारखान्याने १७९५ च्या सुमारापासून अडीच हजारांच्या आसपास नक्षीचे लेथ विकले, बहुतेक उमरावांना आणि हौशी पैसेवाल्यांना. या लेथवर लाकूड भोकांच्या चकतीने जागच्या जागी अडकवायचं आणि फिरतं छोटं पातं त्यावर आणायचं. एक पन्हळ झाली की चकती पुढच्या भोकावर. पिळासाठी गिअरची माळ लावून लाकूड अगदी सावकाश, हाताने फिरवायचं. हस्तिदंत आणि आफ्रिकन ब्लॅकवुडवर त्यांनी केलेलं काम निर्दोष आहे. मला ते बघून दमायला होतं. भांडं कुठे संपलं आणि हौस कुठे सुरू झाली ते कळत नाही.

हेच तंत्र कारखान्यात गेलं आणि त्याची गरज पालटली. ड्रिलच्या बिटवरच्या पिळदार पन्हळी पूर्वी कानशीने हाताने घासाव्या लागत. १८६२ च्या आसपास अमेरिकेत ब्राउन अँड शार्पच्या जोसेफ ब्राउनने युनिव्हर्सल मिलिंग मशीन (फिरत्या पात्याने धातू कापणारं यंत्र) बनवलं ते मुख्यतः त्या घासकामातून सुटका व्हावी म्हणून. त्याचं इंडेक्सिंग हेड, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) मोजून थोडा थोडा फिरवणारा भाग, आज भोसरी-पिंपरीच्या टूलरूममध्ये सगळ्यांच्या ओळखीचं आहे. हँडलचे ४० फेरे झाले की जॉब एकदा फिरतो. २४ पन्हळी हव्या तर प्रत्येक वेळी एक पूर्ण फेरा आणि वर दोन तृतीयांश. पुण्यात निवृत्तीनंतर लाकडाच्या लेथकडे वळलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. त्याला समजावून द्यावे लागतात ते लाकडाचे रेषे.

लोखंडाला रेषे नसतात, वाडग्याला असतात, आणि तेही आडवे. काठापासून बुडाकडे पन्हळ ओढत गेलं की वाडग्याच्या काही भागांत पन्हळीची एक कड गुळगुळीत निघते आणि दुसरी फाटते. तिथे हत्याराची दिशा बदलून दुसरी कड उलटीकडून घ्यावी लागते, किंवा वेगाने फिरणारं पातं वापरावं लागतं. मोजमापाचाही प्रश्न असतो. २० सेंमी व्यासाच्या वाडग्याचा काठ जवळजवळ ६३ सेंमी भरतो. २४ पन्हळी केल्या तर प्रत्येकीला २६ मिमी मिळतात, ४८ केल्या तर १३. बुडाशी त्याच पन्हळी आकसतात. खोलीही त्याच प्रमाणात कमी केली नाही तर त्या बुडाशी एकमेकींत घुसतात.

विसाव्या शतकात या दोन्ही वाटांच्या मधोमध उभा राहिला डेव्हिड पाय (१९१४–१९९३). लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर डिझाइनचा प्राध्यापक. कारागिरीचे त्याने दोन प्रकार केले : एक, ज्यात प्रत्येक क्षणी काम बिघडण्याची जोखीम असते, दुसरी, ज्यात निकाल आधीच पक्का असतो. स्वतःच्या वाडग्यांसाठी त्याने पन्हळी पाडायचं एक साधन बनवलं. ते पटाशीची वाट आखून देतं, पण चालवतो हातच. त्याच्या वाडग्यांवरच्या पन्हळी शिस्तीत असूनही छापलेल्या वाटत नाहीत.

आता तर लेथवर राउटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने खाचा पाडणारं विजेचं हत्यार) बसवता येतो, संगणकावर चालणारं चार अक्षांचं सीएनसी मशीन तासाभरात पीळ कोरून देतं. अवघड बाजू उरते ती लाकडाच्या निवडीची. शिसवीच्या किंवा रेन ट्रीच्या भडक रेषांवर पन्हळी मारणं मला पटत नाही. रेषा आणि खाचा दोन्ही बोलू लागतात आणि काहीच ऐकू येत नाही. हळदू, काळा कुडा अशा बारीक पोताच्या, फिकट लाकडावर सावली नेमकी पडते, आणि पॉलिशपेपरने कड मारली गेली नाही तर पन्हळ लांबूनही वाचता येते.