अलेक्झांडरवोल : देश बदलत गेलेली एक मंडळी

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, गोसेल या लहानशा गावाच्या उत्तरेला, गव्हाच्या शेतांमध्ये अलेक्झांडरवोल मेनोनाइट मंडळीचे, म्हणजे मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका स्थानिक उपासक समुदायाचे, उपासनामंदिर उभे आहे. मंदिर १८८६ सालचे असले तरी मंडळी त्याहून शतकाहून अधिक जुनी असून, तिची मुळे पोलंडमध्ये व्हिस्टुला नदीकाठच्या प्शेखुफ्को या वस्तीत आहेत. सोळाव्या शतकात जाणत्या वयातच बाप्तिस्मा घ्यावा आणि शस्त्र हाती धरू नये, या श्रद्धेपायी नेदरलँड्समधून परागंदा झालेल्या मेनोनाइटांच्या परंपरेतली ही माणसे होती.

१८२०-२१ मध्ये या मंडळीतील बरीच कुटुंबे रशियन साम्राज्यातील मोलोच्ना वसाहतीकडे, म्हणजे आजच्या दक्षिण युक्रेनमध्ये, निघाली. वाटेत झार पहिला अलेक्झांडर भेटला आणि त्याने त्यांचे कुशल चिंतिले, म्हणून नव्या गावाला ‘अलेक्झांडरवोल’ हे नाव पडले, असे मंडळीत सांगतात. जर्मनमध्ये ‘वोल’ म्हणजे क्षेमकुशल.

सक्तीच्या लष्करी सेवेतून मिळालेली सूट १८७० नंतर धोक्यात आली, तेव्हा ते क्षेमही संपले. १८७३ मध्ये अमेरिकेत जमीन पाहण्यासाठी गेलेल्या १२ प्रतिनिधींमध्ये या मंडळीचे ‘वडील’, म्हणजे धर्मप्रमुख, याकोब बुलर होते. पुढच्याच वर्षी जवळजवळ सगळे गाव ‘किंब्रिया’ आणि ‘ट्यूटोनिया’ या दोन जहाजांतून निघाले. माझ्या मते या इतिहासाचे खरे वेगळेपण येथेच आहे : सुटी कुटुंबे जाऊन मागाहून मंडळी स्थापन झाली नाही, तर आपल्या धर्मप्रमुखासह आणि पिढ्यांचे जन्म, बाप्तिस्मे व मृत्यू टिपलेल्या नोंदवहीसह मंडळीच समुद्रापार गेली. ‘ट्यूटोनिया’वरच्या गटाने मात्र डीट्रिख गेडर्ट यांच्या नेतृत्वाखाली होफनुंग्साउ ही वेगळी मंडळी उभारली.

सँटा फे रेल्वे कंपनीला कॅन्ससमधील आपल्या जमिनीसाठी कसणारे हात हवे होते. तिने नवागतांसाठी बांधलेल्या लांबलचक लाकडी घरांत अनेक कुटुंबे एकाच छपराखाली राहिली आणि सुरुवातीची उपासनाही तेथेच होत असे. मोलोच्नासारखीच एका रस्त्यालगत घरे आणि मागे शेते अशी गावे त्यांनी कॅन्ससमध्येही वसवून पाहिली. परंतु चौरस मैलांत आखलेल्या अमेरिकन जमिनीवर ज्याने त्याने आपापल्या शेतात घर बांधणे सोयीचे ठरले आणि ती गावे हळूहळू विरली. मला ही हानी मोठी वाटते, कारण त्यानंतर विखुरलेल्या शेतकऱ्यांना एकत्र आणणारी जागा मुख्यतः उपासनामंदिर हीच उरली. हिवाळ्याआधी पेरायच्या ‘टर्की रेड’ या तांबड्या गव्हाचे बियाणे या स्थलांतरितांनी आणले, ही गोष्ट कॅन्ससमध्ये सर्वश्रुत आहे. तो गहू राज्यभर पसरायला मात्र पुढे बरीच वर्षे जावी लागली.

उपासनेत जर्मन आणि घरात प्लाउटडीच ही बोली चाले. विसाव्या शतकात, विशेषतः पहिल्या महायुद्धातील जर्मनविरोधी वातावरणानंतर, इंग्रजीने त्यांची जागा घेतली. मंडळी वाढत गेली तशी १९०८ मध्ये टेबोर आणि १९२० मध्ये खुद्द गोसेल गावातील मंडळी तिच्यातून वेगळी झाली.